बसल्या जागेची ऊब



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय दिला तो असा : ओळखीच्या चौकटीबाहेर पाऊल टाकण्याचे धैर्य. विषय ऐकताच समुद्र ओलांडणारे, हिमशिखरे चढणारे, हसत फासावर जाणारे लोक डोळ्यांपुढे उभे राहतात. या थोर मंडळींशी माझा परिचय पुस्तकांपुरताच आहे. माझे आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीच्या पायऱ्यांवर गेले. तेव्हा मी आज एका स्टोअरकीपराची हकीकत सांगणार आहे. चिटणीसांची निराशा झाली तर त्यांनी मला पुढच्या वर्षी बोलावू नये.

आज रविवार आहे. दुपारची झोप घेऊन, मुलाबाळांना बरोबर घेऊन आपण इथे आला आहात. हा रविवार आला कुठून? पुष्कळांची समजूत अशी की तो साहेबाने आणला, कारण तो त्याच्या प्रार्थनेचा वार. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरे असेल. गिरणीत मात्र साहेबाचा रविवार आपोआप शिरला नाही. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि दोन वर्षांनी ती सुरू झाली. त्यानंतर चौतीस वर्षे मुंबईच्या गिरणी कामगाराला हक्काचा साप्ताहिक सुटीचा दिवस नव्हता. सणावाराच्या सुट्या मिळत. एरवी रविवारीही यंत्रे पुसायला जावे लागे आणि त्यात अर्धा दिवस मोडे. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. ती ज्यांच्या खटपटीने मिळाली ते नारायण मेघाजी लोखंडे. ते मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर होते.

लोखंड्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. मूळ घराणे पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील कन्हेरसरचे, फुलमाळ्याचे. घरची स्थिती बेताची, त्यामुळे शालेय शिक्षणानंतर नोकरी धरावी लागली. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि नंतर गिरणीत. त्या काळी शेतकरी-माळ्याच्या घरातला मुलगा लिहायला-वाचायला शिकून कचेरीत खुर्चीवर बसला, ही सबंध गावाने सांगावी अशी गोष्ट होती. ती खुर्ची त्यांच्याकडे होती, हे आपण लक्षात ठेवावे. माझे आजचे बोलणे या खुर्चीभोवतीच आहे.

गिरणीत स्टोअरकीपर म्हणजे कोण? बॉबिनी, धोटे, चामड्याचे पट्टे, तेल, चरबी यांचा हिशेब ठेवणारा माणूस. खात्याखात्यातून माणसे येतात, चिठ्ठी देतात, माल घेऊन जातात. कापसाची धूळ त्याच्या छातीत फारशी जात नाही आणि त्याचा हात यंत्रात सापडत नाही. मालक त्याला नावाने ओळखतो, कामगार त्याला अदबीने हाक मारतो. दोन्ही बाजूंचे त्याला दिसते आणि दोन्ही बाजूंचे काही सोसावे लागत नाही. मी हे पुस्तकातून सांगत नाही. तीस वर्षांपूर्वी मीही अशाच एका खुर्चीवर होतो.

एका यंत्रमाग कारखान्यात मी दिवाणजी होतो. दहावीला गणितात पास आणि इंग्रजीत नापास झालेल्या मुलाला याहून चांगली जागा मिळाली नसती. हजेरी मांडायची, मीटरवर मजुरी काढायची, आठवड्याला पगार वाटायचा. एकदा एका कामगाराचे बोट पट्ट्यात सापडले. बारा दिवस तो घरी होता. हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे मी बारा खाडे मांडले. तसे मांडण्याचा रिवाज होता आणि मला कोणी वेगळे सांगितले नव्हते. अक्षर माझेच होते, वळणदार होते, आणि शनिवारी पैसे वाटताना त्याच्या पाकिटात जवळजवळ काही नव्हते. त्याने पाकीट घेतले आणि मला म्हणाला, “दिवाणजी, तुमचा काय दोष?” त्या वाक्याने माझी झोप गेली असे सांगितले तर ऐकायला बरे वाटेल. प्रत्यक्षात मला झोप लागली. खुर्ची सोडायला त्यानंतर दोन वर्षे लागली. अशा माणसाची भीती उपाशी मरण्याची नसते. ज्या घरात, ज्या गल्लीत आपल्याला ‘अहो’ म्हणू लागले आहेत, तिथे पुन्हा ‘अरे’ व्हायचे, ही ती भीती असते.

म्हणून लोखंड्यांच्या चरित्रात मला १८९० पेक्षा १८८० हे साल मोठे वाटते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र काढले होते. सत्यशोधक समाजाच्या विचारांचे, शेतकऱ्यांची आणि कष्टकऱ्यांची बाजू घेणारे ते पत्र. पैशाअभावी ते चालेना. लोखंडे सत्यशोधक चळवळीत होतेच, जोतीराव फुल्यांना ते गुरुस्थानी मानत. १८८० साली त्यांनी ते बुडीत पत्र मुंबईत आणून पुन्हा सुरू केले आणि गिरणीतली नोकरी सोडली. हिशेबाच्या माणसाने डोळ्यांदेखत तोट्याचा व्यवहार पत्करला. आमच्याकडे अशा माणसाला पहिला सल्ला बायको देते, दुसरा सासरा देतो आणि तिसरा जुना मालक देतो. तिन्ही सल्ले एकच असतात.

बाहेर पडून ते ज्या प्रश्नाला भिडले तो समजण्यासाठी त्या काळच्या गिरणीचे घड्याळ पाहिले पाहिजे. विजेचे दिवे आले नव्हते, त्यामुळे घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडले की यंत्र सुरू, अंधारले की बंद. थंडीत दिवस लहान म्हणून कामगार थोडा सुटे. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास उभा राही. म्हणजे ज्या ऋतूत पत्र्याखाली जीव घाबरा होतो त्याच ऋतूत काम जास्त. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. मोठ्या माणसांविषयी आणि बायांविषयी त्यात एक शब्द नव्हता. शिवाय शंभराहून कमी माणसे असलेल्या कारखान्याला तो लागूच नव्हता.

या कायद्यामागे मँचेस्टरच्या मालकांचा जोर होता, हे खरे आहे. मुंबईच्या स्वस्त सुताने ते हैराण झाले होते. इथल्या मजुराची दया त्यांना एकाएकी आली, तिच्या मुळाशी त्यांची तिजोरी होती. आमची बहुतेक देशी वर्तमानपत्रे यामुळे कारखाना कायद्याच्या विरुद्ध उभी राहिली. नवा देशी धंदा आहे, त्याला साहेबाच्या कायद्याने मारू नका, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणारे लोक शहाणे होते, देशभक्त होते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. लोखंड्यांची अडचण मला इथे दिसते. वाईट माणसांच्या विरुद्ध उभे राहणे सोपे असते. चांगल्या माणसांच्या पंक्तीतून, त्यांचे निम्मे म्हणणे बरोबर असताना, उठून जायचे म्हणजे पाय जड होतात. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखा एखादा पारशी गृहस्थ कायद्याच्या बाजूने झगडत होता. बाकी आघाडीवर सामसूम होती. ‘दीनबंधु’चे म्हणणे साधे होते : मँचेस्टरचा हेतू काहीही असो, चौदा तास उभा राहणारा माणूस आपला आहे.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. लोखंड्यांनी संधी साधली. सप्टेंबर महिन्याच्या २३ आणि २६ तारखांना परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा झाल्या. तिथे मागण्यांचा अर्ज मंजूर झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांची नावे पडली. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या नावाने आपण जिला ओळखतो ती संस्था इथली.

मागण्या ऐका. रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. यात आठ तासांची मागणी नाही. शिकागोचे कामगार दोन वर्षांनी आठ तासांसाठी रस्त्यावर आले. आमचे लोक सूर्यास्तापर्यंत उभे राहायला तयार होते, फक्त दुपारी भाकर बसून खाऊ द्या म्हणत होते. आणि शेवटची मागणी वाचली तेव्हा माझे बारा खाडे मला आठवले. माझ्या खुर्चीच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी एका स्टोअरकीपराने ते लिहून ठेवले होते. मला मात्र ते कोणी शिकवले नव्हते.

साडेपाच हजार हा आकडा आज आपल्याला लहान वाटतो. अर्जावर सह्या गोळा करण्याचे काम ज्याने केले आहे त्यालाच त्याचे वजन कळेल. सभेत सगळे माना डोलावतात. कागद फिरू लागला की प्रत्येकाला घरचे काम आठवते. पहिली सही कोणाची, यावर रात्री जातात. त्या काळी तर कामगार मिळायचा आणि सुटायचा तो जॉबरच्या शब्दावर. ज्याचे नाव कागदावर त्याची जागा उद्या दुसऱ्याला. कामगारसंघाला कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९२६ सालच्या कायद्याने, म्हणजे या अर्जानंतर बेचाळीस वर्षांनी. त्यांचे धैर्य लोखंड्यांनी निर्माण केले असेही मी म्हणणार नाही. १८७७ साली नागपूरच्या एम्प्रेस गिरणीत मजुरीवरून संप झाला होता, तो कोणा संपादकाला विचारून झाला नव्हता. गिरणीतला माणूस आपल्या परीने लढत होताच. लोखंड्यांनी त्याच्या म्हणण्याला तारीख, आकडा आणि कागद दिला. कोठीत बसून शिकलेली विद्या त्यांनी बाहेर वापरली.

अर्जाचे काय झाले? काही नाही. एक वर्ष गेले, दोन गेली, सहा गेली. इतिहासाची पुस्तके १८८४ वरून १८९० वर एका ओळीत उडी मारतात. मला त्या मधल्या सहा वर्षांत बसावेसे वाटते. ज्यांनी सही केली ते रस्त्यात भेटून विचारत असतील, रावसाहेब, आमच्या रविवाराचे काय? नोकरी सोडण्याचा दिवस एकच असतो आणि त्या दिवशी माणसाला थोडी धुंदीही असते. पुढे हात हलवत घरी परतण्याचे दिवस पुष्कळ असतात. जुनी खुर्ची त्या दिवसांत आठवते. मला आठवली आहे. द्वारसभेला तीन माणसे आली आणि त्यांतला एक मालकाचा होता, त्या संध्याकाळी मी माझ्या जुन्या कारखान्यावरून मुद्दाम चालत गेलो. माझ्या जागी बसलेला मुलगा पंख्याखाली हिशेब करत होता. त्याचा मला हेवा वाटला, हे कबूल करतो.

आमच्यातील काही सहकारी लोखंड्यांना कामगारपुढारी मानायला तयार नसतात. ते परोपकारी गृहस्थ होते, अर्ज-विनंत्या करत, संप त्यांनी केला नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या हाताशी पुरावाही आहे. १८९२ सालच्या कारखान्यांविषयीच्या एका सरकारी अहवालात या असोसिएशनबद्दल लिहिले आहे की तिला सभासद नाहीत, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे हे आपणहून आलेल्या कामगाराला सल्ला देतात, इतकेच. साहेबाने हे तुच्छतेने लिहिले असावे आणि ते बहुधा खरेही होते. वर्गणीची पावती फाडणारी संघटना ती नव्हती. पण आलेल्या कामगाराला सल्ला देणे, यात ‘इतकेच’ काय आहे ते मला उमगलेले नाही. माझ्या तीस वर्षांच्या कामाचा तीन-चतुर्थांश भाग तोच आहे.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सभा झाली. घोड्यांच्या शर्यतीचे ते मैदान. दहा हजार कामगार आले. ध्वनिक्षेपक नव्हता, म्हणजे बोलणाऱ्याने छाती फोडून बोलायचे आणि पुढच्या रांगेने मागच्या रांगेला सांगायचे. ठराव तोच, रविवारच्या सुटीचा. त्या सभेत दोन स्त्री-कामगार बोलल्या.

इतिहासाची पुस्तके त्यांचा उल्लेख इतकाच करतात : दोन स्त्री-कामगार. मी या दोघींपाशी नेहमी अडतो. लोखंड्यांना संपादकाचे नाव होते, मागे सत्यशोधक समाज होता, उद्या उपाशी राहिले तरी चार लोकांनी विचारले असते. या बायांच्या मागे काय होते? रिळाच्या खात्यावर नायकीण असे, तिची मर्जी गेली की काम गेले. घरी नवरा असेल, सासू असेल. गिरणीत काम करते म्हणून वस्तीत आधीच दोन बोटे तिच्याकडे दाखवली जात असतील. १८९० साली चांगल्या शिकलेल्या घरातली बाई परक्या पुरुषापुढे तोंड उघडत नव्हती, तिथे ह्या दहा हजार पुरुषांपुढे उभ्या राहिल्या. त्यांना खुर्ची सोडायची नव्हती, कारण त्यांना ती कधी मिळालीच नव्हती. तरी ज्याच्याजवळ काही नाही त्याला सोडायलाही काही नाही, हे आपले सुखवस्तू लोकांचे गणित चुकते. गप्प राहिले की आपल्याला कोणी पाहत नाही, हाही एक आसरा असतो. गरिबाच्या घरात तो छपरासारखा वापरतात. त्या दोघी त्याच्याखालून बाहेर आल्या.

माझ्या पहिल्या द्वारसभेचे थोडे सांगतो, कारण त्याशिवाय हे मला कळले नसते. मी पाठ करून गेलो होतो. चार वाक्ये झाली आणि पुढचे आठवेना. पाय लटपटत होते, हातातला कागद दिसत नव्हता. कांड्या भरणाऱ्या बाया एका बाजूला उभ्या होत्या. त्यांतल्या एक मावशी, ज्यांनी तोवर माझ्याशी पगारापलीकडे शब्द बोललेला नव्हता, पुढे आल्या आणि म्हणाल्या, “ह्या पोराला राहू दे, मी सांगते.” त्यांनी काय भाषण केले म्हणाल तर आपली एका आठवड्याची मिळकत आणि एका आठवड्याचा किराणा, दोन्ही आकडे मोजून दाखवले. मग पदर खोचला आणि कामावर गेल्या. पुढच्या सोमवारी त्यांना काम नव्हते. ते परत मिळवून द्यायला आम्हाला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत त्या एकदाही मला म्हणाल्या नाहीत की तुझ्यामुळे झाले.

महालक्ष्मीच्या सभेनंतर सुमारे दीड महिन्याने मालकांनी सुटी मान्य केली. सरकारने त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना-कामगार आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंड्यांनाही घेतले होते. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी आणि दुपारचा अर्धा तास सर्वांना मिळाला, बायांचे काम अकरा तासांवर आले आणि पन्नास माणसांचा कारखानाही कायद्याखाली आला. पुरुषांच्या तासांना मात्र अजून मर्यादा नव्हती. पगाराची तारीख आणि जखमी माणसाचा पगार या मागण्या तर पुढच्या शतकात गेल्या.

१८९५ साली सरकारने लोखंड्यांना रावबहादूर केले. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी सोडलेली खुर्ची अधिक उंच होऊन परत आली. आमच्या धंद्यात ही वेळ फार नाजूक. सोडलेली खुर्ची मोहात पाडत नाही, सन्मानाने देऊ केलेली पाडते. त्यांनी पदवी घेतली. मी असतो तर काय केले असते, हे मी इथे सांगत नाही; मला ती कोणी देऊ केलेली नाही. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. ज्याला ज्याला गावी घर होते तो निघाला, लाखो लोकांनी शहर सोडले, गिरण्या ओस पडू लागल्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या रावबहादुरांना कन्हेरसरची वाट ठाऊक होती. ते मुंबईत राहिले, प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळाच्या खटपटीत पडले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. सुमारे एक महिन्याने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या, त्याही प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना.

आता रविवाराविषयी राहिलेले एक सांगून थांबतो. आपण ज्या खुर्च्यांवर बसला आहात त्या आज दुपारी पुसून मांडल्या, त्या बाया ठेकेदाराकडच्या. त्यांना आठवड्याची सुटी आहे, पण त्या दिवसाची मजुरी नाही, म्हणून त्या सुटी घेत नाहीत. गेल्या मंगळवारी त्यांतल्या अकराजणी युनियनच्या कचेरीत आल्या होत्या. अर्ज तयार आहे, मी तो वाचून दाखवला, सगळ्यांना पसंत पडला. कागद मध्ये ठेवला. बराच वेळ कोणी बोलेना. मग एकीने विचारले की गोल गोल सह्या केल्या तर चालतील का, म्हणजे पहिली कोण ते कळणार नाही. चालतील, असे मी सांगितले. त्यावर दुसरी म्हणाली, घरी विचारून येते.

या मंगळवारी पुन्हा बसायचे आहे.